उचल फिटत नाही

पुण्यात शिवाजीनगरला साखर संकुल आहे. राज्याच्या साखर आयुक्तांचे कार्यालय तिथेच. हंगाम सुरू झाला की कोणत्या कारखान्याने किती ऊस गाळला, साखर किती निघाली, उतारा (उसातून मिळालेल्या साखरेचे प्रमाण) किती पडला, याची आकडेवारी तिथे रोज जमा होते. शेतकऱ्याचे बिल १४ दिवसांत दिले नाही तर १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाप्रमाणे कारखान्याला १५ टक्के व्याज द्यावे लागते. तरीही पैसे अडकले तर आयुक्त महसुली वसुलीचा आदेश काढतात आणि जिल्हाधिकारी कारखान्याची साखर जप्त करू शकतात. शेतकऱ्यांनी रस्त्यावर उतरून, लाठ्या खाऊन हा हक्क राबवून घेतला आहे. पण तोच ऊस ज्याने तोडला, त्याचे पैसे बुडाले किंवा त्याच्यावर खोटे देणे चढवले गेले, तर त्याने कोणाच्या दारात जायचे? त्याचे नाव कारखान्याच्या हजेरीपटावर नसते. ते असते मुकादमाच्या, म्हणजे मजुरांची टोळी जमवणाऱ्याच्या वहीत, आणि तिथे त्याच्या नावापुढे आधी लिहिलेली असते ती उचल, हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम.

ही उचल कुठून आली हे समजून घ्यायचे तर पुणे जिल्ह्यातल्याच सुप्यापासून सुरुवात करावी लागते. आज बारामती तालुक्यात असलेले सुपे तेव्हा भीमथडी तालुक्यात होते. १२ मे १८७५ रोजी बाजाराच्या दिवशी तिथल्या शेतकऱ्यांनी सावकारांची घरे आणि दुकाने गाठली. त्यांचा रोख होता कर्जरोखे आणि खतावण्यांवर. कागद जाळले की कर्जाचा पुरावा जळतो, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते. उठाव पुणे आणि नगर जिल्ह्यांत पसरला. सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी मदत कायदा झाला. पुणे, सातारा, सोलापूर आणि नगर या चार जिल्ह्यांसाठी तो आणला होता.

या कायद्यातल्या काही तरतुदी आज वाचताना थक्क व्हायला होते. सावकाराने दाखवलेला रोखा अंतिम मानायचा नाही. न्यायालयाने व्यवहाराच्या मुळापर्यंत जायचे, मूळ रक्कम किती, व्याज किती, आतापर्यंत फेड किती, हे सगळे तपासायचे. पैसे दिले की लेखी पावती मिळालीच पाहिजे. कर्जदाराला हिशेबाचे पासबुक मागता येईल. आणि पैशाच्या हुकूमनाम्यापोटी शेतकऱ्याला अटक करून तुरुंगात टाकता येणार नाही. हा कायदा पुढे किती उपयोगी पडला यावर अभ्यासकांत मतभेद आहेत. सावकारांनी पळवाटा काढल्याच. तरी परक्या सरकारने दीडशे वर्षांपूर्वी पुण्याच्या शेतकऱ्याला कागदावर का होईना जे दिले, ते आजच्या ऊसतोड मजुराकडे कागदावरही नाही. त्याच्या उचलीला ना पावती, ना पासबुक.

पुढे १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला आणि याच दुष्काळी पट्ट्यात ऊस आला. आधी गुऱ्हाळे, मग कारखाने. सासवडच्या माळी शेतकऱ्यांनी १९३० च्या दशकात माळीनगरला स्वतःचा कारखाना काढला. १९५० च्या अखेरीस नगर जिल्ह्यातल्या लोणीला प्रवरा सहकारी साखर कारखान्याचे पहिले गाळप झाले. विठ्ठलराव विखे पाटलांची जिद्द त्यामागे होती आणि पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ त्या कारखान्याचे पहिले अध्यक्ष होते. वैकुंठभाई मेहतांच्या पुढाकाराने राज्य सहकारी बँक पाठीशी उभी राहिली. शेतकऱ्यांनी शेअर घ्यायचे, सरकारने भागभांडवल आणि कर्जाला हमी द्यायची, बँकेने कर्ज पुरवायचे, अशी ती घडी. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागात तिने शाळा, दवाखाने, रस्ते आणले. सहकाराची ही बाजू नाकारणारा माणूस खरे बोलत नाही, असे मला वाटते.

पण त्या घडीत पहिल्या दिवसापासून एक माणूस बसवलेलाच नव्हता. सभासद व्हायचे तर शेतात ऊस हवा. ऊस तोडणाऱ्याची जमीन कोरडवाहू आणि कारखान्यापासून शंभर-दोनशे मैल दूर. तो सभासद नाही, मतदार नाही, सर्वसाधारण सभेत त्याला उभे राहता येत नाही. आणि त्याच्यावाचून तर कारखान्याचे चाक फिरत नाही. तोडलेला ऊस पडून राहिला की त्यातली साखर घटते, म्हणून तो साधारण चोवीस तासांत कारखान्याच्या गव्हाणीत, म्हणजे गाळपाला ऊस टाकतात तिथे, पडावा लागतो. कारखाना रात्रंदिवस चालतो. अशा वेळी प्रत्येक शेतकऱ्याने आपापली तोडणी करायची म्हटले तर मेळ बसणार नाही, म्हणून तोडणीचा कार्यक्रम आणि वाहतूक कारखान्यांनी हाती घेतली. खर्च मात्र शेतकऱ्याच्या बिलातूनच कापला जातो. ठरल्या दिवशी हजारो माणसे फडात, म्हणजे तोडणीच्या उसाच्या शेतात, हजर असलीच पाहिजेत, आणि हंगाम संपेपर्यंत ती हलता कामा नयेत. त्यासाठी पावसाळ्यातच, घरात दाणे संपलेले असताना, त्यांच्या हातावर रक्कम ठेवायची पद्धत रुळली. १९७२ च्या दुष्काळाने बीड, पाथर्डी, शेवगाव, जालना या भागांतून माणसे लोटली आणि ही पद्धत पक्की झाली. आज राज्यात ऊसतोड मजूर किती, याचे अंदाज आठ लाखांपासून पंधरा लाखांपर्यंत सांगितले जातात. साखरेचे पोते न् पोते मोजणाऱ्या राज्यात माणसांचा आकडा असा हेलकावे खातो.

व्यवहार असा चालतो. कारखाना वाहतूकदाराशी करार करतो आणि त्याला आगाऊ रक्कम देतो. ती बहुधा बँकेच्या कर्जातून येते. वाहतूकदार मुकादमाला देतो, मुकादम टोळीला. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकट्याला अर्धा कोयता म्हणतात. कोयत्याला लाखभर उचल आता नवलाची राहिलेली नाही. २०२४ च्या करारानंतरचा टनाला ३६६ रुपये हा दर धरला, तर लाख रुपये फेडायला जवळपास २७३ टन ऊस तोडावा लागतो. पहाटेपासून अंधार पडेपर्यंत राबून जोडपे दिवसाला दोन टन तोडते असे मानले, तरी जवळपास १३७ दिवस. त्यात आजारपण नाही, अवकाळी पाऊस नाही, गाडीची वाट बघत फडात काढलेली रात्र नाही. शिवाय कामावर न गेलेल्या दिवसाचा खाडा कापला जातो. आणि २०२४-२५ चा हंगाम अनेक कारखान्यांत शंभर दिवसांच्या आतच आटोपला. नव्वद दिवस धरा: १८० टन, म्हणजे ६६ हजारांच्या आत. उरलेले चौतीस हजार बाकी म्हणून पुढच्या वर्षाच्या पानावर जातात आणि पुढच्या वर्षी त्याच मुकादमाकडे जाणे भाग पडते. हंगामाच्या त्या महिन्यांत पाचटाच्या कोपीत राहायचे, आठवड्याच्या खर्चीवर भागवायचे, लेकरांची शाळा सोडायची. फडातून कोणी निघून गेले तर उचल वसूल करण्यासाठी त्याला किंवा घरच्या कोणाला उचलून नेऊन डांबून ठेवल्याच्या फिर्यादी वर्षानुवर्षे नोंदल्या जात आल्या आहेत. पैसे घेऊन पळणाऱ्या टोळ्या आहेत, फसवणारे मुकादमही आहेत, हे खरे. त्यांच्यासाठी दिवाणी न्यायालय आहे, पोलीस ठाणे आहे. माणूस कोंडून ठेवणे हा वसुलीचा मार्ग असू शकत नाही.

बायकांच्या शरीरावर या हिशेबाचा भार कसा पडतो हे २०१९ मध्ये जगासमोर आले. बीड जिल्ह्यातल्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची ओरड झाल्यावर सरकारने डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींची गर्भाशये काढलेली आढळली. फडात संडास नाही, पाळीच्या दिवसांत विसावा नाही, सुट्टी घेतली तर खाडा. अंगावर काढलेले दुखणे वाढले की खासगी दवाखाना पिशवी काढायला सांगतो, आणि त्या शस्त्रक्रियेचा खर्च भागवायला पुन्हा मुकादमाकडूनच उचल. तिशीही न उलटलेल्या बायका त्यात होत्या.

कायदा नाही, असे नाही. राज्यघटनेच्या २३ व्या अनुच्छेदाने वेठबिगारीवर बंदी आहे. वेठबिगार पद्धत रद्द करणारा अध्यादेश ऑक्टोबर १९७५ मध्ये निघाला आणि १९७६ मध्ये त्याचा कायदा झाला. आगाऊ रकमेपोटी माणसाचे दुसरीकडे काम करण्याचे, हिंडण्याफिरण्याचे स्वातंत्र्य गेले, किंवा किमान वेतनापेक्षा कमी मजुरीवर त्याला राबावे लागले, तर ती वेठबिगारी. आणि ते कर्ज कायद्याने तिथेच संपते. १९८२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की किमान वेतनाहून कमी पैशात करावे लागणारे काम हे सक्तीचेच काम आहे. पोटाची निकड हीसुद्धा सक्तीच. डिसेंबर १९८३ च्या बंधुआ मुक्ती मोर्चाच्या निकालात न्यायालय आणखी पुढे गेले: मजूर सक्तीने राबतो आहे असे दिसले, तर तो आगाऊ रकमेपोटीच राबतो असे गृहीत धरावे, उलट सिद्ध करण्याची जबाबदारी मालकाची. त्याच काळात ठाणे जिल्ह्यात विवेक पंडितांच्या श्रमजीवी संघटनेने लग्नासाठी घेतलेल्या कर्जापायी पिढ्यान्पिढ्या राबणाऱ्या आदिवासी लग्नगड्यांना याच कायद्याने सोडवले. म्हणजे राबवला तर कायदा चालतो.

उसाच्या फडात तो का चालला नाही? एक कारण कराराच्या साखळीत आहे. कारखाना म्हणतो मजूर माझा नाही, वाहतूकदाराचा. वाहतूकदार बोट दाखवतो मुकादमाकडे. मुकादम म्हणतो मीही त्यांच्यातलाच, कमिशनवर काम करतो. मालक कोण हेच ठरू द्यायचे नाही, अशी ही रचना. दुसरे कारण मला जास्त महत्त्वाचे वाटते. या कायद्याखाली जिल्ह्याजिल्ह्यांत दक्षता समित्या असतात, त्यांचा कारभार जिल्हाधिकारी आणि प्रांताधिकारी यांच्याकडे. ज्या तालुक्यात कारखान्याचा अध्यक्ष हाच आमदार किंवा मंत्री, तिथल्या प्रांताधिकाऱ्याने त्याच्या फडावर जाऊन वेठबिगार शोधायचे, अशी अपेक्षा कायद्याने ठेवली आहे.

आणि याच अध्यक्षांच्या कर्जांचे काय झाले ते बघा. ज्या राज्य सहकारी बँकेने प्रवरेला उभे केले, तिच्या संचालक मंडळाला रिझर्व्ह बँकेने मे २०११ मध्ये घरी पाठवून प्रशासक आणले. आजारी कारखान्यांना आणि सूतगिरण्यांना नियम डावलून कर्जे दिली, ती बुडाल्यावर तेच कारखाने मातीमोल भावात विकले आणि घेणारे संचालकांच्याच गोतावळ्यातले निघाले, असा आरोप झाला. सुमारे २५,००० कोटींचे नुकसान सांगितले गेले. मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिल्यावर ऑगस्ट २०१९ मध्ये गुन्हा नोंदला गेला. २०२० मध्ये पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेने तपास बंद करण्याचा अहवाल दिला. २०२२ मध्ये, राज्यात सरकार बदलल्यावर, तपास पुन्हा उघडला. जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा बंद करण्याचा अहवाल आला. मधल्या काळात जुलै २०२१ मध्ये सक्तवसुली संचालनालयाने साताऱ्याच्या जरंडेश्वर कारखान्यावर टाच आणली. तो २०१० मध्ये ६५.७५ कोटींना लिलावात गेला होता. दोषी कोण ते न्यायालयाने ठरवायचे. पण तपासाचे दार सत्तेच्या वाऱ्याबरोबर उघडते आणि मिटते, हे तारखाच सांगतात.

परभणीतल्या गंगाखेडच्या खासगी कारखान्याचे प्रकरण तर थेट तोडणीच्या पैशाचे. तोडणी-वाहतुकीच्या कर्ज योजनेखाली शेतकऱ्यांच्या नावावर, त्यांना कळूही न देता, सुमारे ३२८ कोटींची कर्जे उचलल्याचा आरोप २०१७ मध्ये झाला. कारखान्याच्या प्रमुखांना २०१९ मध्ये अटक झाली आणि त्याच वर्षी तुरुंगातूनच त्यांनी विधानसभा जिंकली.

जानेवारी २०२४ मध्येच, म्हणजे बँकेच्या तपासावर दुसऱ्यांदा पडदा पडत होता त्या महिन्यात, पुण्यात साखर संघ (सहकारी कारखान्यांची संघटना) आणि ऊसतोड संघटनांची बैठक होऊन मजुरीत ३४ टक्के वाढ ठरली. टनाचा दर २७३ वरून ३६६ झाला, मुकादमाचे कमिशनही वाढले. ही वाढ संपावर गेलेल्या मजुरांनी मिळवलेली आहे आणि ती लहान नाही. पण करार दराचा होता, उचलीचा नव्हता. तीन वर्षांचा हा करार २०२५-२६ च्या हंगामापर्यंतचा. नव्या करारासाठी पुन्हा पुण्यातच बसावे लागणार. त्या बैठकीत टनाच्या दराइतकाच हट्ट उचलीच्या हिशेबासाठी धरला पाहिजे. प्रत्येक कोयत्याला कारखान्याच्या सहीशिक्क्याचे पासबुक, त्यात घेतलेली उचल आणि तोडलेला टन न् टन, मजूर म्हणून नवऱ्याइतकेच बायकोचेही नाव, आणि हंगामअखेर उरलेली बाकी कारखान्याच्या खात्यावर.