फणस की बिबळा? जळणातल्या एका ओंडक्याची ओळख

मे महिन्याच्या अखेरीस आमच्या परसात जळणाचा टेम्पो खाली झाला. सुरूचे सोट, अकेशियाच्या ढलप्या, वाळलेल्या आंब्याच्या फांद्या आणि तळाला मांडीएवढ्या जाडीचे तीन ओंडके. हे कसले, असं विचारल्यावर टेम्पोवाला म्हणाला, ‘रायवळ.’ कोकणात हा शब्द फार सोयीचा आहे. कलम न केलेला आंबा रायवळ, आणि ज्याचं नाव कुणी वेगळं घेत नाही ते लाकूडही रायवळ. शेजारच्या तात्यांनी मात्र एका ओंडक्यावर पाय ठेवून निकाल दिला, ‘अहो, फणस आहे तो. पिवळा दिसतोय की!’

झाड उभं असताना ओळखायला पान असतं, फूल असतं, फळ असतं. ओंडक्याला यातलं काहीच नसतं. साल असली तर निम्मं काम होतं. ऐनाची साल काळपट, चौकोनी भेगांची, मगरीच्या पाठीसारखी. निलगिरीची पट्ट्यापट्ट्यांनी सोलून निघते आणि खाली गुळगुळीत खोड दिसतं. सालीवर काळा डाग पाडणारा चीक दिसला तर मात्र हात लावण्याआधी थांबावं. बिब्ब्याच्या चिकाने कातडीवर फोड येतात.

माझ्या ओंडक्याची साल केव्हाच गळून गेली होती.

मग वजन. पाण्यात टाकलेला पांगारा वर तरंगतो, खानदेशातला अंजन तळाशी जातो. गंमत अशी, की दोघांच्या पेशींच्या भिंती ज्या पदार्थाच्या बनलेल्या असतात त्याची घनता जवळजवळ सारखीच, पाण्याच्या दीडपट असते. फरक पडतो तो भिंतींच्या जाडीने आणि आतल्या पोकळीने. पांगाऱ्याचं लाकूड म्हणजे बरीचशी हवा, अंजनाचं म्हणजे बरीचशी भिंत. चुलीचा हिशेबही इथेच आहे. नीट वाळलेलं कुठलंही लाकूड किलोमागे साधारण सारखीच उष्णता देतं. पण हातात मावेल तेवढ्या ढलपीत बाभळीचं वजन पांगाऱ्याच्या दुपटीहून जास्त भरतं, म्हणून बाभळीचा विस्तव टिकतो.

रंगावर मात्र विसंबू नये. ताजं कापलेलं पिवळं लाकूड उन्हा-हवेत तपकिरी होतं, आणि जुन्या ढिगातली निम्मी लाकडं एकाच करड्या रंगाची दिसतात. तात्यांच्या निकालावर माझा आक्षेप एवढाच होता. पिवळा गाभा फणसाचा असतो, हेदूचा असतो आणि आणखीही काही झाडांचा असतो.

खरी ओळख ओंडक्याच्या तोंडावर, म्हणजे आडव्या छेदावर असते. करवतीने कापलेल्या तोंडावर नुसते ओरखडे दिसतात. धारदार पात्याने तिथलाच बोटभर भाग तासून गुळगुळीत करायचा, ओल्या बोटाने पुसायचा आणि दहापट मोठं दाखवणारं भिंग डोळ्याला लावून उजेडात पाहायचं. पहिल्यांदा दिसतात ती टाचणीने टोचल्यासारखी छिद्रं. मुळांकडून पानांकडे पाणी नेणाऱ्या नळ्यांची ही कापलेली तोंडं. मध्यापासून सालीकडे जाणाऱ्या बारीक रेषा म्हणजे काष्ठकिरण, त्यांतून अन्न आडवं जातं. आणि छिद्रांभोवतीची फिकट नक्षी म्हणजे अन्न साठवणारी मृदू ऊती. या तिघांची मांडणी झाडागणिक वेगळी असते. निदान झाडाच्या कुळापर्यंत पोहोचायला ती बहुतेक वेळा पुरते.

सुरूचंच घ्या. किनाऱ्यावरच्या त्या सुयांसारख्या झुबक्यांमुळे अनेकांना तो पाइनचा भाऊ वाटतो. सुरूचा एक सोट तासून पाहिला तर भिंगाखाली छिद्रं स्पष्ट दिसतात. पाइन किंवा देवदाराच्या खोक्याची फळी तशीच तासा, एकही नळी सापडणार नाही. सूचिपर्णी झाडं बारीक लांबट पेशींमधूनच पाणी वर चढवतात. सुरू हा सपुष्प वृक्षांपैकी आहे, हे त्याचं लाकूड एका नजरेत सांगतं.

सागाची गोष्ट आणखी देखणी. साग उन्हाळाभर निष्पर्ण असतो. पावसाच्या तोंडावर पालवी फुटते आणि खोड नव्या लाकडाची सुरुवात मोठमोठ्या नळ्यांनी करतं, नुसत्या डोळ्यांना दिसतील एवढ्या. मोसम सरत जातो तशा नळ्या बारीक होत जातात. पुढच्या वर्षी पुन्हा मोठ्या. त्यामुळे सागाच्या तोंडावर छिद्रांची कडी दिसते, दर वर्षाची एक. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेतल्या शास्त्रज्ञांनी सागाच्या अशाच कड्यांच्या रुंदीवरून जुन्या काळातल्या मोसमी पावसाचा माग काढला आहे.

पण प्रत्येक वर्तुळ म्हणजे वर्ष नव्हे. वड, पिंपळ, उंबर यांच्या छेदावर एकाआड एक फिकट-गडद पट्टे दिसतात आणि लोक उत्साहाने वय मोजू लागतात. ते पट्टे मृदू ऊतीचे असतात, त्यांचा वर्षांशी संबंध नाही. आपल्याकडच्या बहुतेक झाडांत सागासारखी स्पष्ट कडी नसतेच. नारळाच्या खोडात तर वर्तुळंही नाहीत आणि किरणही नाहीत, नुसते तंतूंचे विखुरलेले ठिपके.

बाभूळ आणि ऐन या दोघांत नवखा माणूस फसतो, कारण दोघांच्याही छिद्रांना फिकट किनार असते, पंख फुटल्यासारखी. इथे किरण मदतीला येतात. बाभळीचे किरण दिसतात. ऐनाचे एकाच पेशीच्या जाडीचे असल्यामुळे भिंगाखालीही जेमतेम जाणवतात.

आता माझा ओंडका. तासलेला भाग सोनेरी तपकिरी होता, मधून गडद रेघा. फणसाच्या छेदावर किरण डोळ्यांना सहज दिसतात. इथे ते केसाहून बारीक होते. छिद्रांभोवतीची फिकट ऊती एकमेकींना जोडून नागमोडी रेषा झाल्या होत्या. मग ओंडका फोडून सालीकडची उभी बाजू तासली आणि भिंग तिरकं धरलं. वाऱ्याने तळ्यावर उठावेत तशा अगदी बारीक आडव्या लहरी दिसल्या. किरण ओळीने मजल्यांवर रचल्यासारखे असले की अशा लहरी उमटतात. शिसवीत त्या असतात, फणसात नसतात. त्या शिसवीचाच एक नातेवाईक पिवळ्या गाभ्याचा आहे: बिबळा. कोकणात असाणा, विदर्भात बिजा.

याच्यापुढे खात्री हवी तर पातळ काप काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावे लागतात आणि ओळख पटलेल्या नमुन्यांशी ताडावे लागतात. देहरादूनच्या वन संशोधन संस्थेत असे हजारो नमुने जपून ठेवलेले आहेत. बिबळ्यासाठी मात्र घरात करता येण्यासारखी एक परीक्षा आहे. त्याच्या लाकडाचे पेले बाजारात मिळतात, त्यातलं पाणी मधुमेहावर प्यावं असं सांगतात. औषधाचा भाग डॉक्टरांनी पाहावा. मला हवा होता त्या पाण्याचा रंग.

हा खटाटोप कशासाठी, असं तात्यांनी विचारलं. वृक्षतोडीचं नियमन करणाऱ्या महाराष्ट्राच्या 1964 च्या कायद्यात परवानगीशिवाय न तोडण्याच्या झाडांची यादी आहे. साग, खैर, ऐन, किंजळ यांच्याबरोबर तीत बिबळाही आहे. आमचा ओंडका वादळात पडलेल्या झाडाचा असेल किंवा नसेल, पण नाव ‘रायवळ’ पडलं की तो प्रश्नच कुणी विचारत नाही. मला तो शब्द त्यासाठी खुपतो.

तिन्ही ओंडक्यांच्या बोटभर ढलप्या काढून तीन काचेच्या पेल्यांत भिजत घातल्या. सकाळी तिन्ही पाणी पिवळसर झालं होतं. पेले उन्हात नेऊन मागे काळं कापड धरलं. दोन पेल्यांच्या कडेला आकाशासारखी निळी झाक आली. पाण्यात उतरलेलं द्रव्य उन्हातले अदृश्य अतिनील किरण शोषतं आणि निळा प्रकाश बाहेर टाकतं, म्हणून उजेडाकडे धरून पाहिलं की सोनेरी दिसणारं तेच पाणी उजेड अंगावर घेतलं की निळं होतं. तिसऱ्या पेल्यातलं पिवळंच राहिलं. त्या ओंडक्याचं तोंड आणि उभी बाजू तासून पाहिली, काष्ठकिरण ठळक होते, लहरी नव्हत्या. तो फणस होता.

तात्यांनी दोन्ही प्रकारचे पेले उन्हात पुन्हा पुन्हा फिरवून पाहिले. मग फणसाचा ओंडका चुलीकडे गेला आणि बिबळ्याचे दोन त्यांनी स्वतः उचलून माळ्यावर ठेवले.