गेजवर न दिसणारा दाब

तेल दाबलं तरी फारसं दबत नाही, त्यामुळे त्यात ऊर्जा साठत नाही. वायू दबतो. हायड्रॉलिक अ‍ॅक्युम्युलेटरचं काम या फरकावर चालतं: पोलादी बाटली, आत रबरी ब्लॅडर (फुगणारी पिशवी), ब्लॅडरमध्ये नायट्रोजन आणि बाहेरच्या जागेत पंपाचं तेल. पंप दाब वाढवतो तसा नायट्रोजन आक्रसतो. मशीनला एकदम जास्त तेल लागलं की तोच ते बाहेर ढकलतो. प्रेसचा सिलिंडर दोन सेकंद झपकन धावून मग वीस सेकंद थांबणार असेल, तर त्या दोन सेकंदांसाठी मोठा पंप बसवण्यात अर्थ नसतो. लंडनच्या टॉवर ब्रिजवर १८९४ पासून हेच तत्त्व होतं, फक्त तेलाऐवजी पाणी आणि वायूऐवजी वजनं.

निवडताना फसगत होते ती आकारात. समजा ५ लिटर तेल हवंय, दाब २१० बारवरून १५० बारपर्यंत उतरलेला चालतो आणि प्रीचार्ज, म्हणजे तेल नसताना नुसत्या नायट्रोजनचा दाब, १३५ बार आहे. बॉइलच्या नियमाने (तापमान तेच राहिलं तर वायूचा दाब गुणिले आकारमान कायम) साडेएकोणीस लिटर येतात, म्हणून २० लिटरची बाटली मागवली जाते. पण दोन सेकंदांत प्रसरण पावणारा वायू थंड पडतो आणि त्याचा दाब बॉइलच्या हिशेबापेक्षा जास्त घसरतो. सावकाश भरणं आणि झटपट सोडणं असं धरून, झटपट प्रसरणाच्या सूत्रातला घातांक १.४ घेतला, तर उत्तर २९ लिटरच्या घरात जातं. म्हणजे ३२ लिटरची बाटली. नुसती गळती भरून काढायची असेल, तर बॉइल पुरतो.

हा १३५ चा आकडाही असाच आला नाही. ऊर्जा साठवायची असेल तर प्रीचार्ज किमान कामाच्या दाबाच्या ०.९ पट ठेवतात. पंपाचे धक्के शोषायचे असतील तर कामाच्या दाबाच्या ०.६ ते ०.७५ पट. आणि तो चालू तापमानाला धरायचा असतो. तेल ५० अंशांवर चालणार आणि गॅस २० अंशांवर भरणार, तर गेजवर १२२ बारलाच थांबावं लागतं. सरळ १३५ भरले की मशीन तापल्यावर ते १४९ होतात, आणि किमान दाब तर १५० चा, म्हणजे ०.९ पटीचं अंतर उरतच नाही.

भरायचा तो कोरडा नायट्रोजनच. ऑक्सिजन किंवा हवा तेलाच्या वाफेशी मिसळून स्फोट होऊ शकतो. नवा ब्लॅडर बसवताना बाटलीच्या आत थोडं स्वच्छ तेल फिरवून घ्यावं आणि गॅसचे पहिले दोन-तीन बार अगदी सावकाश आत सोडावेत. घाईने सोडलेला गॅस बर्फासारखा थंड होतो; ब्लॅडर खालच्या टोकाला कडक होऊन चांदणीच्या आकारात फाटतो, नाहीतर पॉपेट व्हॉल्व्हखाली, म्हणजे तळाशी तेलाच्या तोंडावर असलेल्या झडपेखाली, अडकतो.

बाटली उभी, गॅस व्हॉल्व्ह वर. आडवी ठेवली तर ब्लॅडर तेलावर तरंगून एकाच बाजूला घासतो. धरायला क्लॅम्प आणि खाली आधार. बाटलीवर वेल्डिंग कधीच नाही, ते दाबपात्र आहे. पंप आणि अ‍ॅक्युम्युलेटर यांच्यामध्ये चेक व्हॉल्व्ह (तेल एकाच दिशेने जाऊ देणारी झडप) नसेल, तर मोटर बंद होताच पंप उलटा फिरतो. शेजारी बंद करण्याचा व्हॉल्व्ह, दाब फार वाढला की उघडणारा रिलीफ व्हॉल्व्ह आणि टाकीकडे तेल सोडणारा व्हॉल्व्ह हवाच. मोटर बंद केली म्हणजे दाब गेला असं समजून नट सैल करणं, हा या कामातला सगळ्यात धोकादायक गैरसमज.

बसवल्यावर पहिल्या आठवड्यात प्रीचार्ज तपासावा, मग तीन-चार महिन्यांनी, आणि तो टिकला असेल तर वर्षातून एकदा. चार्जिंग किट (गॅस भरण्या-तपासण्याचा संच) हाताशी नसेल तरी अंदाज येतो: पंप बंद करून तेल टाकीकडे हळूहळू सोडायचं आणि तेलाच्या गेजवर नजर ठेवायची. काटा सावकाश उतरत येतो आणि एका आकड्यावरून एकदम शून्याकडे पडतो. तो आकडा म्हणजे प्रीचार्ज.

पंप वारंवार चालू-बंद होऊ लागला तर बहुधा गॅस कमी झालेला असतो. गॅस व्हॉल्व्हमधून तेल आलं तर ब्लॅडर फाटलाय. तो काढल्यावर फाटलेली जागा नीट बघावी. खालच्या टोकाला अर्धचंद्राकार काप असेल, तर तो पॉपेटखाली चिमटला गेला: प्रीचार्ज जास्त होता किंवा तेल फार वेगाने सोडलं जात होतं. वरच्या टोकाला भोक असेल, तर प्रीचार्ज कमी पडला आणि तेलाने ब्लॅडर गॅस व्हॉल्व्हच्या तोंडात कोंबला. कारण न शोधता नवा ब्लॅडर घातला, तर तोही त्याच जागी फाटतो.