एरर कॉइनचं खूळ: टाकसाळीतली चूक कुठली आणि बाहेरची कारागिरी कुठली

गणपतीला चाकरमानी गावी आले, माळा झाडला, जुना गडू उघडला की लगेच व्हॉट्सॲपवर फोटो सुरू, "हा एरर (म्हणजे टाकसाळीतच चुकीचं पडलेलं नाणं) आहे का, किती येतील?" रत्नागिरी काय नि मालवण काय, सगळीकडे तेच. त्यातली बरीचशी नाणी टाकसाळीबाहेर बिघडलेली असतात आणि काही मुद्दाम बिघडवलेली. हे ओळखायचं तर नाणं पाडायची पद्धत कशी बदलत गेली ते माहीत पाहिजे, कारण टाकसाळीत जे होऊच शकत नाही ते कोणीतरी बाहेर केलंय, सगळा हिशोब एवढाच.

सुरुवात आपल्या रायगडापासूनच करू. १६७४ ला राज्याभिषेक झाला तेव्हा महाराजांनी सोन्याचा होन आणि तांब्याची शिवराई पाडली, एका बाजूला श्री राजा शिव, दुसऱ्या बाजूला छत्रपति. हे सगळं हातोड्याच्या घावाने व्हायचं, आणि ठसा बऱ्याचदा तांब्याच्या तुकड्यापेक्षा मोठा, त्यामुळे कशावर 'श्री' गायब तर कशावर 'पति' अर्धवट. आता अशी शिवराई कोणी "ऑफ सेंटर एरर", म्हणजे ठसा एका बाजूला सरकून पडलेली म्हणून जादा भावाने विकायला काढतो तेव्हा हसूच येतं, अहो बहुतेक तशाच आहेत!

म्हणजे चूक म्हणायला आधी सगळी नाणी सारखी यायला हवीत, आणि ते मशीन आल्यावर झालं. मुंबई इलाख्यासाठी मशीनवर पाडलेले तांब्याचे पैसे १७९१ ला बर्मिंगहॅमच्या सोहो टाकसाळीतून बोटीने आले, आणि १८२९ ला मुंबईत फोर्टात वाफेवर चालणारी टाकसाळ उभी राहिली. पत्र्यातून कोऱ्या चकत्या कापायच्या, त्यांची कड मशीनमध्ये दाबून उचलायची, मग कॉलर नावाच्या कड्यात बसवून वर-खाली डाय, म्हणजे चित्र कोरलेला ठसा, मारायचा. आता ह्यात कुठली पायरी चुकली तर काय दिसेल ते बघा.

पत्रा नीट पुढे सरकला नाही तर पुढची चकती आधीच्या भोकावरच कापली जाते, नाण्याला कडेने चावा घेतल्यासारखा गोल कट पडतो. हा सगळ्यात जास्त दिसणारा एरर आणि सगळ्यात जास्त नकली बनवला जाणाराही. पण चकती जिथे कापली गेली तिथे कड उचलणाऱ्या मशीनला दाब मिळत नाही, म्हणून कटाच्या बरोबर समोरची कडही पुसट येते, शिवाय कटाजवळची अक्षरं कटाकडे ओढल्यासारखी पातळ होतात. कानसीने घासलेल्या नाण्यात समोरची कड एकदम टणटणीत, अक्षरं मधेच तोडलेली, आणि भिंगाखाली कानसीचे चरे. ज्वेलरी काट्यावर ठेवून इथे काही कळत नाही, वजन दोघांचंही कमीच भरणार.

ब्रॉकेजचंही तसंच. आधीचं नाणं डायला चिकटून राहिलं तर पुढच्या नाण्यावर त्याचंच उलटं आणि खोलगट चित्र उमटतं, पण दुसरी बाजू मात्र नेहमीसारखी ठसठशीत असते. व्हाइसमध्ये दोन नाणी दाबून जे करतात त्यात ही दुसरी बाजू चेपलेली असते.

बाहेरच्या कारागिरीचा इतिहास मात्र ह्या एररच्या खुळापेक्षा जुना! राणीछाप रुपयाला कडी लावून गळ्यात घालायची पद्धत होतीच, नंतर अडीनडीला ती कडी काढली की कडेवर डाग दिल्याचा (सोल्डरचा) फुगवटा राहतो, तोच "जास्तीचा मेटल" म्हणून विकला जातो. सराफाने खरं-खोटं बघायला मारलेला टोचाही एरर नव्हे. दोन्ही बाजूंना छापाच असलेलं नाणं तर जादूगाराचं, एक नाणं लेथवर आतून कोरून दुसऱ्याचा चेहरा त्यात बसवलेला. सांधा कडेच्या आतल्या बाजूला असतो आणि फरशीवर टाकलं की आवाज बद्द येतो.

कोकण रेल्वे २६ जानेवारी १९९८ ला पूर्ण सुरू झाली, आणि पोरांनी रुळावर नाणी ठेवायला सुरुवात केली, साहजिकच. ती लांबट चपटी नाणी आता "ब्रॉडस्ट्राइक" म्हणून फिरतात. खरा ब्रॉडस्ट्राइक कॉलरशिवाय पाडलेला असतो, तो पसरतो पण मधलं चित्र शाबूत राहतं, अक्षरं लांबत नाहीत. खाडीत टाकलेल्या ॲल्युमिनियमच्या पाच-दहा पैशांना खाऱ्या पाण्याने पडलेले खड्डे, त्याला पण लोक एरर म्हणतात, काय बोलणार. आणि १९९९ च्या पाच रुपयांवर ММД सारखी रशियन अक्षरं दिसली तर ती मॉस्कोच्या टाकसाळीची खूण, तेव्हा सरकारने नाणी बाहेरून पाडून घेतली होती.

दहाचं दोन धातूंचं नाणं २००९ ला चलनात आलं आणि फसवणाऱ्यांना नवीन खेळणं मिळालं. मधला पांढरा भाग ठोकून काढायचा, उलटा करून परत बसवायचा, की झाला "दुर्मिळ एरर". पण पिवळी कडी आणि मधली चकती दोन्ही कोऱ्याच एकत्र डायखाली जातात, एकाच दाबात चित्रही उमटतं आणि दोन्ही धातू एकमेकांत घट्ट बसतात. कोरी चकती उलटी बसणार कशी? भिंगाखाली सांध्यावर ठोकल्याचे दणके दिसतात, कधी मधला भाग चक्क हलतो.

ह्याच दहाच्या नाण्याला रिक्षावाले "खोटं आहे" म्हणून नकार द्यायचे ते वेगळंच, डिझाइन वेगवेगळी म्हणून. शेवटी रिझर्व्ह बँकेने जानेवारी २०१८ मध्ये चौदाही डिझाइन चालतात म्हणून जाहीर केलं.

लाखांच्या भावाची अफवा सगळ्यात जास्त चालली ती वैष्णोदेवीच्या २०१२ च्या पाच आणि दहाच्या नाण्यांवर. ती स्मारक नाणी आहेत, एररचा काही संबंध नाही. असले सौदे करताना "आधी चार्ज भरा, टॅक्स भरा" म्हणणारे फोन रिझर्व्ह बँकेच्या नावाने यायला लागले, तेव्हा ऑगस्ट २०२१ मध्ये बँकेने स्वतःच सांगितलं की आम्ही जुन्या नोटा-नाण्यांच्या व्यवहारात नाही, कसलं कमिशनही घेत नाही आणि कोणाला तसा अधिकारही दिलेला नाही.