योगपद्धती : तत्त्वज्ञान आणि साधना

योगाच्या ‘पद्धती’ हा शब्द आज दोन निरनिराळ्या गोष्टींसाठी वापरला जातो आणि या विषयातला बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. ज्ञानयोग, भक्तियोग, कर्मयोग, राजयोग, हठयोग ही मार्गांची नावे आहेत. मुक्तीकडे कशाच्या आधाराने जायचे ते ती सांगतात. अय्यंगार योग, अष्टांग विन्यास, शिवानंद योग, यिन योग ही मुख्यतः आसने शिकवण्याच्या रीतींची नावे आहेत आणि त्यांतले एकही शंभर वर्षांइतके जुने नाही. पहिला भेद तत्त्वज्ञानाचा, दुसरा सरावाचा. मात्र सरावातल्या भेदांच्या मुळाशीही एक जुनाच प्रश्न आहे : आसनात असताना साधकाचे लक्ष कुठे असावे? प्रत्येक पद्धतीने त्याचे वेगळे उत्तर दिले आहे, आणि पद्धती ओळखण्याची खरी खूण तीच.

व्युत्पत्ती व अर्थ

‘युज्’ या धातूचे धातुपाठात दोन अर्थ दिलेले आहेत : जोडणे आणि समाधी. ‘योग म्हणजे जीव आणि शिव यांची जोड’ ही सर्वत्र ऐकू येणारी व्याख्या पहिल्या अर्थावर उभी आहे. पण पतंजलीच्या योगसूत्रांवरील व्यासभाष्य ही जुनी टीका आरंभीच ‘योगः समाधिः’ असे म्हणून दुसरा अर्थ घेते. हा फरक केवळ व्याकरणाचा नाही. पतंजलीचे दर्शन सांख्य या प्राचीन दर्शनाच्या तत्त्वविचारावर आधारलेले आहे. त्यात पुरुष (निखळ द्रष्टा) आणि प्रकृती (मन-बुद्धीसह सारे दृश्य जग) ही दोन तत्त्वे मुळातच वेगळी आहेत. दुःख होते ते त्यांची गल्लत झाल्यामुळे. म्हणून साध्य ‘कैवल्य’ हे आहे, म्हणजे पुरुषाचे निव्वळ एकटे असणे. अकराव्या शतकातील भोजराजाने योगसूत्रांवरील आपल्या टीकेत तर पुरुष-प्रकृतीच्या वियोगालाच योग म्हटले. नाथपंथ आणि वेदान्त यांची भाषा मात्र ऐक्याची आहे. एकच शब्द एका परंपरेत तोडणे सांगतो आणि दुसरीत जोडणे, हे लक्षात न घेता केलेले ‘योगाचे तत्त्वज्ञान’ अपुरे राहते.

कठोपनिषदात इंद्रियांच्या स्थिर धारणेला योग म्हटले आहे. भगवद्गीतेत ‘समत्वं योग उच्यते’ आणि ‘योगः कर्मसु कौशलम्’ अशा दोन व्याख्या दुसऱ्याच अध्यायात जवळजवळ येतात, तर सहावा अध्याय एकान्त, आसन आणि ध्यान यांकडे वळतो. कर्म, भक्ती, ज्ञान आणि राजयोग अशी चौकडीची मांडणी आज सर्वमान्य वाटते, पण तिला हा घाट आला तो स्वामी विवेकानंदांच्या व्याख्यानांमुळे. त्यांचे राजयोगावरील पुस्तक १८९६ मध्ये निघाले. बौद्धांची योगाचार शाखा, तसेच जैन आचार्य हरिभद्र आणि हेमचंद्र यांचे योगग्रंथ पाहिले, तर योग कुठल्या एका संप्रदायाची मालमत्ता नव्हता हेही दिसते.

पातंजल योग

इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांत रचलेल्या योगसूत्रांत १९५ सूत्रे आहेत (काही पाठांत १९६) आणि त्यांचे समाधी, साधन, विभूती व कैवल्य असे चार पाद आहेत. दुसरेच सूत्र व्याख्या देते : योगश्चित्तवृत्तिनिरोधः, म्हणजे चित्ताच्या वृत्ती (हालचाली) थांबवणे हा योग. वृत्ती पाच : प्रमाण (बरोबर ज्ञान), विपर्यय (चुकीचे ज्ञान), विकल्प (नुसत्या शब्दांवर उभी असलेली कल्पना), निद्रा आणि स्मृती. या यादीत चुकीच्या ज्ञानाबरोबर बरोबर ज्ञानही आहे, याकडे सहसा लक्ष जात नाही. म्हणजे पतंजलीला वाईट विचार घालवून चांगले विचार आणायचे नाहीत. चित्ताची हालचालच शमवायची आहे. झोपही वृत्तीच ठरते, म्हणून सुस्ती आणि समाधी यांची गल्लत करायला इथे जागा नाही.

या हालचालीमागे पाच क्लेश आहेत. अविद्या हे इतरांचे शेत. त्यात अस्मिता (मीपणा), राग (आसक्ती), द्वेष आणि अभिनिवेश उगवतात. अभिनिवेश म्हणजे जगण्याची चिवट ओढ, जी विद्वानालाही सोडत नाही असे सूत्रकार स्पष्ट सांगतो. उपाय दोन, अभ्यास आणि वैराग्य. अभ्यासाला तीन अटी आहेत : तो दीर्घकाळ हवा, अखंड हवा आणि आदराने केलेला हवा.

यम, नियम, आसन, प्राणायाम, प्रत्याहार (इंद्रिये आत वळवणे), धारणा (चित्त एका जागी लावणे), ध्यान, समाधी ही आठ अंगे प्रसिद्धच आहेत. त्यांत आसनाला मिळतात फक्त तीन सूत्रे. पहिले सांगते, आसन स्थिर आणि सुखद असावे (स्थिरसुखमासनम्). दुसरे उपाय सांगते : प्रयत्न सैल करणे आणि अनंताच्या ठिकाणी चित्त लावणे. तिसरे फळ सांगते : थंडी-उष्ण यांसारखी द्वंद्वे मग त्रास देत नाहीत. व्यासभाष्य पद्मासन, वीरासन, दंडासन अशी डझनभर नावे देते. ती बहुतेक बसण्याचीच आसने आहेत. उभ्याने करायच्या आसनांचा सूत्रांत किंवा भाष्यात मागमूस नाही.

हठयोग

शरीराला साधनेच्या मध्यभागी आणले ते हठयोगाने. तेराव्या शतकातील दत्तात्रेययोगशास्त्र मंत्र, लय, हठ आणि राज असे योगाचे प्रकार सांगते. पंधराव्या शतकात स्वात्मारामाने आधीच्या अनेक ग्रंथांतले श्लोक घेऊन हठप्रदीपिका रचली. तिच्यात १५ आसने, सहा शुद्धिक्रिया (धौती, बस्ती, नेती, त्राटक, नौली, कपालभाती), आठ कुंभक (श्वास रोखण्याचे प्रकार) आणि दहा मुद्रा (प्राण आत बांधून ठेवण्याच्या शारीरिक क्रिया) आहेत. घेरंडसंहितेत आसनांची संख्या ३२ वर जाते आणि अंगे आठाऐवजी सात होतात. ‘ह’ म्हणजे सूर्य, ‘ठ’ म्हणजे चंद्र ही फोड परंपरेतच आढळते. पण ‘हठ’ या शब्दाचा साधा अर्थ जोर, हट्ट, आणि तोही साधनेला शोभणारा आहे.

हठयोगाचे शरीर वैद्याच्या शरीरापेक्षा वेगळे आहे. त्यात इडा, पिंगला आणि सुषुम्ना या नाड्या, चक्रे आणि वेटोळे घालून निजलेली कुंडलिनी ही शक्ती आहे. प्राण डाव्या-उजव्या नाड्यांतून काढून मधल्या मार्गात घालायचा, की मन आपोआप थांबते. पतंजली मनाला हात घालून चित्त शमवतो. हठयोगी श्वास बांधून तेच काम दुसऱ्या टोकाकडून करतो.

मराठी वाचकाला हे सारे परके नाही. शके १२१२ (इ.स. १२९०) मधील ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायात मूळबंध, जालंधर आणि ‘वोढियाणा’ या तिन्ही बंधांचे (प्राण अडवण्यासाठी शरीराचा एखादा भाग आवळून धरण्याच्या क्रियांचे) आणि कुंडलिनीच्या जागृतीचे सविस्तर वर्णन आहे, ते हठप्रदीपिकेच्या शतकाहून अधिक आधीचे. गीतेच्या मूळ श्लोकांत कुंडलिनीचा उल्लेखही नाही. ती भर ज्ञानदेवांना लाभलेल्या मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती या नाथपरंपरेची आहे. या वाटेला ते ‘पंथराज’ म्हणतात. हठयोगाच्या इतिहासात या ओव्यांना जेवढे स्थान मिळायला हवे तेवढे मिळालेले नाही, असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

विसाव्या शतकातील वळण

आजच्या पद्धतींचा उगम मुंबई, लोणावळा, म्हैसूर आणि ऋषिकेश या चार ठिकाणी शोधता येतो. परमहंस माधवदास यांच्या दोन शिष्यांनी योग गुहेतून प्रयोगशाळेत आणि घरात आणला. योगेंद्र यांनी १९१८ मध्ये मुंबईत ‘द योग इन्स्टिट्यूट’ स्थापन केली. स्वामी कुवलयानंद (जगन्नाथ गणेश गुणे) यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यात कैवल्यधाम सुरू केले आणि त्याच वर्षी ‘योगमीमांसा’ हे नियतकालिक काढले. नौली (पोटाचे स्नायू फिरवण्याची क्रिया) करताना मोठ्या आतड्यात दाब वातावरणापेक्षा कमी होतो, हे त्यांनी दाबमापक लावून दाखवले आणि त्या निर्वाताला गुरूंचे नाव दिले. योगाकडे मोजमापाच्या नजरेने पाहण्याची सुरुवात अशी एका शिष्याच्या श्रद्धेतून झाली.

म्हैसूरच्या राजवाड्यात टी. कृष्णमाचार्य (१८८८–१९८९) तरुणांना जोमदार, श्वासाशी जोडलेली आसने शिकवत. बी. के. एस. अय्यंगार, के. पट्टाभी जोइस, इंद्रादेवी आणि पुत्र टी. के. व्ही. देशिकाचार असे त्यांचे शिष्य. एकाच गुरूच्या या शिष्यांनी चालवलेल्या रीती एकमेकींपासून इतक्या दूर गेल्या, की त्यांचे मूळ एक आहे हे सांगावे लागते. ऋषिकेशला डॉक्टरकी सोडून आलेल्या स्वामी शिवानंदांनी १९३६ मध्ये दिव्य जीवन संघ स्थापला. विष्णुदेवानंद आणि मुंगेरचे सत्यानंद हे त्यांचे शिष्य.

सूर्यनमस्कार आज योगवर्गाचा अविभाज्य भाग मानला जातो. हठयोगाच्या जुन्या ग्रंथांच्या आसनयादीत तो नाही. औंधचे राजे भवानराव पंतप्रतिनिधी यांनी १९२० च्या दशकात त्याचा व्यायाम म्हणून हिरिरीने प्रसार केला. योगाच्या वर्गात तो त्यानंतर रुळला.

एक आसन, अनेक रीती

पद्धतींमधला फरक व्याख्यांपेक्षा एखाद्या आसनात चटकन दिसतो. पश्चिमोत्तानासन घ्या. हठप्रदीपिका सांगते : पाय दांड्यासारखे जमिनीवर पसरावे, दोन्ही अंगठे धरावे, कपाळ गुडघ्यांवर टेकवावे. इथे ‘पश्चिम’ म्हणजे शरीराची पाठीकडची बाजू. फळ दुहेरी : जठराग्नी पेटतो, आणि वायू पाठीच्या मार्गाने, सुषुम्नेतून, वाहू लागतो.

अय्यंगार पद्धतीत (अय्यंगार १९३७ पासून पुण्यात शिकवत; तेथील संस्था १९७५ ची) कपाळ टेकवण्याची घाई चालत नाही. बैठकीखाली घडी केलेले कांबळे, तळपायांभोवती पट्टा, आधी पाठ आतून लांबवायची, मग पुढे जायचे. डोके खाली पोचत नसेल तर त्याखाली उशी. साधने आहेत ती आसन सोपे करण्यासाठी नव्हे, तर ताठर शरीरालाही नेमका आकार कळावा आणि त्यात अधिक वेळ राहता यावे म्हणून. लक्ष सांध्यासांध्याच्या ठेवणीवर. शरीरभर असे जागे राहणे हीच धारणा, असे अय्यंगारांचे म्हणणे होते.

पट्टाभी जोइस यांच्या अष्टांग विन्यासात हेच आसन ठरलेल्या मालिकेत, ठरलेल्या जागी येते. पाच श्वास, दृष्टी पायाच्या बोटांवर, बंध लावलेले. मग हातांवर भार घेऊन मागे उडी, आणि पुढचे आसन. आसन, श्वास आणि दृष्टी या तिन्हींना मिळून ‘त्रिस्थान’ म्हणतात. क्रम पाठ असल्यामुळे ‘आता पुढे काय’ हा विचारच उरत नाही, ही या पद्धतीची खरी ताकद. ‘अष्टांग’ हे नाव मात्र फसवे ठरू शकते; पतंजलीची आठ अंगे आणि ही मालिका या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अमावास्या-पौर्णिमेला सराव बंद ठेवण्याची रीत इथलीच.

देशिकाचारांच्या परंपरेत गुडघे खुशाल वाकलेले असतात. श्वास सोडत पुढे, घेत वर, असे काही वेळा करून मगच आसनात थांबतात. आसन माणसाला बसवायचे, माणूस आसनात कोंबायचा नाही; म्हणून वय, आजार, व्यवसाय पाहून प्रत्येकाला वेगळा सराव. या रीतीला दिले जाणारे ‘विनियोग’ हे नावही योगसूत्रांतलेच.

शिवानंद पद्धतीत बारा मूळ आसनांचा क्रम आहे. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन, मत्स्यासन यांच्यानंतर पश्चिमोत्तानासनाची पाळी येते, आणि मधेमधे विश्रांती असते. श्वास शांत होईतो पुढे जायचे नाही. वर्गाला आसन, प्राणायाम, विश्रांती, आहार आणि ध्यान या पाचांची चौकट असते.

अमेरिकेत १९७० च्या दशकाच्या अखेरीस घडू लागलेल्या यिन योगात हेच आसन ‘सुरवंट’ होते. पाठ गोल सोडून द्यायची, स्नायू ढिले, आणि तीन ते पाच मिनिटे तसेच. ताण स्नायूंऐवजी त्यांच्याभोवतालच्या संयोजी ऊतींवर यावा हा हेतू. ताओवादी कल्पनांवर बेतलेली ही रीत ‘प्रयत्न सैल करणे’ या सूत्राच्या सर्वांत जवळ जाते.

बिक्रम योगात सुमारे ४० अंश सेल्सिअसच्या खोलीत ९० मिनिटे २६ आसने आणि दोन श्वसनक्रिया करतात. या क्रमावर स्वामित्वहक्क सांगता येत नाही, असा निकाल अमेरिकेतील अपील न्यायालयाने २०१५ मध्ये दिला.

आसनांपलीकडे

आसनांच्या रीतींचाच बोलबाला असला तरी प्राणायाम आणि विश्रांती यांतही पद्धती भिन्न आहेत. अय्यंगार परंपरा आसने पक्की होईपर्यंत प्राणायाम लांबणीवर टाकते. शिवानंद वर्गात तो आरंभीच असतो. हठप्रदीपिकेत शवासन आहे : प्रेतासारखे उताणे पडावे, थकवा जातो, चित्त विसावते. सत्यानंदांनी तांत्रिक न्यासावरून (मंत्र म्हणत एकेका अवयवाला स्पर्श करण्याच्या विधीवरून) योगनिद्रा बेतली. तिच्यात अवयवांवरून क्रमाने लक्ष फिरवत झोप आणि जाग यांच्या सीमेवर राहायचे असते.

२१ जून हा आंतरराष्ट्रीय योगदिन संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये जाहीर केला, आणि २०१६ मध्ये युनेस्कोने योगाला अमूर्त वारशाच्या यादीत घेतले. त्यानंतर सामूहिक सराव वाढला. समूहात सर्वांना एकच सूचना दिली जाते, म्हणून काही पथ्ये नोंदवणे आवश्यक आहे. काचबिंदू असणाऱ्यांनी शीर्षासन आणि डोके खाली येणारी इतर आसने टाळावीत, कारण त्यांत डोळ्यांतील दाब वाढतो. ताब्यात नसलेला रक्तदाब, मानेचे दुखणे यांतही तेच. पाठीच्या कण्यातील चकती सरकलेली असेल तर पुढे वाकण्याची आसने जाणत्या शिक्षकाला विचारूनच करावीत. गरोदरपणी कपालभाती आणि दीर्घ कुंभक वर्ज्य. श्वासाबद्दल स्वात्माराम बजावतो, की सिंह, हत्ती आणि वाघ जसे हळूहळू वश होतात, तसाच वायूही हळूहळू वश करावा. एरवी तो साधकाचाच घात करतो.