नावाऐवजी क्रमांक: एका कल्पनेची पार्श्वभूमी
विज्ञानकथांतील भयावह भविष्यात माणसाचे नाव पुसले जाते आणि भिंतींना कानांबरोबर डोळेही फुटतात. याचे मूळ सहसा पोलिसी राजवटीत शोधले जाते. पण ते आधी कारखान्यात सापडते.

येवगेनी झाम्यातिन यांनी १९२०-२१ मध्ये लिहिलेल्या ‘आम्ही’ या रशियन कादंबरीत माणसांना नावेच नाहीत. निवेदक डी-५०३ काचेच्या घरात राहतो, पडदे ओढण्याची मुभा गुलाबी चिठ्ठी असेल तेव्हा ठरावीक वेळापुरतीच मिळते, आणि प्रत्येक घास पन्नास वेळा चावायचा असतो. झाम्यातिन हे जहाजबांधणीचे अभियंते. १९१६-१७ मध्ये इंग्लंडमधील न्यूकॅसल परिसरात त्यांनी रशियासाठी बर्फ फोडणाऱ्या जहाजांच्या बांधणीवर देखरेख केली होती. कामगाराची प्रत्येक हालचाल घड्याळ लावून मोजणाऱ्या फ्रेडरिक टेलरचा त्यांच्या कादंबरीत तत्त्वज्ञ म्हणून गौरव होतो. हा निव्वळ उपहास नव्हता. १९१९ मध्येच अलेक्सेई गास्तेव या कवीने कामगारांना अक्षरांनी किंवा आकड्यांनी ओळखता येईल, असे गंभीरपणे लिहिले होते. कादंबरी मात्र १९२४ मध्ये न्यूयॉर्कला इंग्रजीत निघाली. सोव्हिएत संघात ती छापली जायला १९८८ उजाडले.

याआधीचा धागाही रशियन साम्राज्यातच, आजच्या बेलारूसमधील क्रिचेव येथे सापडतो. तेथे सॅम्युएल बेंथम या इंग्रज अभियंत्यांनी १७८० च्या दशकात कामगारांवर मध्यभागातून नजर ठेवता येईल अशा कर्मशाळेची कल्पना मांडली; भेटीस आलेले त्यांचे बंधू, तत्त्वज्ञ जेरेमी यांनी त्या कल्पनेवरून तुरुंगाचा आराखडा केला, आणि पुढे सर्वांच्या स्मरणात राहिला तो तुरुंगच.

जॉर्ज ऑर्वेल यांनी ‘आम्ही’ फ्रेंच भाषांतरातून वाचून जानेवारी १९४६ मध्ये तिचे परीक्षण लिहिले. त्यापूर्वी, १९४१ ते १९४३ या काळात, ते बीबीसीच्या भारतासाठीच्या विभागात होते. तेथील मराठी बातमीपत्रांचे इंग्रजी मसुदेही ते लिहीत, आणि सेन्सॉरच्या नजरेखालून गेल्याखेरीज काहीही प्रक्षेपित होत नसे. १९४९ मधील त्यांच्या ‘१९८४’ कादंबरीत काचेच्या भिंतीची जागा टेलिस्क्रीनने, म्हणजे चित्र दाखवता दाखवता समोरच्यावर नजरही ठेवणाऱ्या पडद्याने, घेतली. हा बदल मला मोलाचा वाटतो, कारण काचेपलीकडचा शेजारी निदान दिसतो, तर टेलिस्क्रीनमागे या घटकेला कोणी आहे की नाही, हे कळण्याची सोयच नसते. नायकाचे, विन्स्टन स्मिथचे, नाव येथे शाबूत आहे, पण सकाळच्या कवायतीत तो पुरेसा वाकत नाही तेव्हा पडद्यावरची बाई ओरडते ती “६०७९ स्मिथ डब्ल्यू.!” अशी, आधी आकडा आणि मग आडनाव.