रेकॉर्ड लायब्ररी आणि ध्वनिसंग्रह: श्रोत्यांचे आकडे कुठे चालतात, कुठे चालत नाहीत

सार्वजनिक नभोवाणी केंद्रात रेकॉर्ड लायब्ररी आणि ध्वनिसंग्रह पुष्कळदा एकाच दालनात, एकाच माणसाच्या ताब्यात असतात, त्यामुळे ही दोन्ही एकच असल्याचा समज होतो. कपाटे भरली आणि जागा करण्याची वेळ आली की हा समज महागात पडतो.

लायब्ररीतली तबकडी किंवा सीडी सहसा बाजारातून आलेली असते आणि तिच्या इतर प्रती बाहेर असतात. ती वाजवण्यासाठीच घेतलेली असल्याने झिजली तर बदलता येते, आणि नोंदीत गाणे, गायक, संगीतकार व कालावधी असला की निवेदकाचे काम भागते. ध्वनिसंग्रहात केंद्राने स्वतः ध्वनिमुद्रित केलेल्या मुलाखती, मैफली, भाषणे असतात आणि त्यांची दुसरी प्रत बहुधा नसतेच. मुद्रण कधी व कुठे झाले, बोलणारे कोण, हे लिहून ठेवलेले नसेल, तर आवाज टिकूनही तो कोणाचा हे सांगता येत नाही.

हाताळणीतला फरक याहून मोठा आहे. चुंबकीय फीत रूढ होण्यापूर्वी अनेक केंद्रे ॲल्युमिनियमच्या चकतीवर नायट्रोसेल्युलोजचा थर दिलेल्या तबकड्यांवर थेट मुद्रण करीत. हा थर काळानुसार आकसतो, तडकतो, धातूपासून सुटतो आणि सुईखाली दरवेळी थोडा झिजतो. अशी तबकडी प्रसारणासाठी वाजवणे मला तरी अक्षम्य वाटते. तिचे योग्य जाडीच्या सुईने एकदा काळजीपूर्वक डिजिटल रूपांतर करावे आणि पुढे ती प्रतच वापरावी. सीडीचे ४४.१ किलोहर्ट्झ (सेकंदाला आवाजाचे किती हजार नमुने घेतले), १६ बिट (प्रत्येक नमुना किती बारकाईने नोंदला) हे प्रमाण लायब्ररीला पुरते. जतनासाठी मात्र ध्वनिसंग्रहांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेची मार्गदर्शक तत्त्वे किमान ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट सांगतात आणि ९६ किलोहर्ट्झची शिफारस करतात.

काय ठेवायचे आणि काय काढायचे, हे ठरवताना श्रोता-संशोधनाचा, म्हणजे कोण काय आणि किती ऐकतो हे मोजण्याचा, प्रश्न येतो. बीबीसीने अशा संशोधनाचा विभाग १९३६ मध्येच सुरू केला होता. लायब्ररीच्या बाबतीत अशा संशोधनाचे निष्कर्ष जरूर वापरावेत, पण श्रोत्यांनी भरलेल्या रोजनिशीत साधारणपणे पंधरा-पंधरा मिनिटांचे ऐकणे नोंदले जाते, कोणते गाणे आवडले ते नव्हे. म्हणून ते आकडे प्रसारणाच्या नोंदवहीशेजारी ठेवूनच वाचावे लागतात. दोन्ही जुळवूनही वर्षानुवर्षे न वाजलेली, अन्यत्र सहज मिळणारी रेकॉर्ड काढून टाकली, तर फारसे बिघडत नाही.

ध्वनिसंग्रहाला हीच कसोटी लावता येत नाही, कारण जे प्रसारित झालेच नाही त्याला श्रोते मोजण्याच्या कोणत्याही पद्धतीत आकडा मिळू शकत नाही, आणि तो नसणे म्हणजे मागणी नसणे असे मुळीच नाही. फीत महाग होती त्या काळात बीबीसीसह अनेक प्रसारण संस्थांनी जुनी मुद्रणे पुसून त्याच फिती पुन्हा वापरल्या, कारण तेव्हा ती कोणाला हवीशी वाटत नव्हती. म्हणून संग्रहातली वस्तू काढण्याचा निर्णय तिची दुसरी प्रत कुठे आहे का, ती कोणत्या स्थितीत आहे आणि तिच्यातला आशय इतरत्र मिळतो का, हे तपासूनच घ्यावा, आणि तो एकट्या कार्यक्रम विभागावर सोपवू नये.