४४ अंशांत खेळायचे की नाही? खेळातील उष्णता-नियमांची पार्श्वभूमी

मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४४ अंशांवर गेला की त्याची बातमी होते. हा आकडा सावलीतल्या हवेचा असतो. उन्हात धावणाऱ्या खेळाडूच्या शरीरावर किती ताण येतो, ते त्यातून कळत नाही. व्यावसायिक खेळांचे बरेच उष्णता-नियम ज्या आकड्यावर बेतले आहेत तो वेगळा आहे, आणि तो मुळात लष्करातून आला.

अमेरिकी मरीन दलाच्या प्रशिक्षण तळांवर जवान उष्माघाताने कोसळत होते. त्यावर काम करताना याग्लू आणि मिनार्ड या संशोधकांनी १९५७ मध्ये ‘डब्ल्यूबीजीटी’ (वेट बल्ब ग्लोब टेम्परेचर) निर्देशांक मांडला. त्यात ओल्या वातीच्या तापमापकाला (ज्याच्या टोकाला ओले कापड गुंडाळलेले असते) ७० टक्के, उन्हाची धग मोजणाऱ्या काळ्या पोकळ गोळ्यातल्याला २० टक्के आणि साध्या तापमापकाला १० टक्के वजन आहे. ओल्या वातीला सर्वाधिक वजन, कारण शरीर थंड होते ते घाम सुकल्याने.

खान्देशाला हा हिशेब नीट लागू पडतो. मे महिन्यातली कोरडी दुपार घ्या: हवा ४४, ओली वात २४, काळा गोळा ५८, निर्देशांक येतो ३२.८. जूनमध्ये पावसाआधी हवा ३९ वर उतरली, पण दमटपणामुळे वात २९ वर गेली आणि गोळा ५२ दाखवत असला, तर निर्देशांक ३४.६ होतो. पारा पाच अंशांनी उतरला तरी धोका वाढला. ‘आता ऊन कमी झाले’ म्हणून जूनमध्ये दुपारचे सामने ठेवणे म्हणूनच घातक आहे.

खेळाने हे स्वीकारले ते सावकाश. ऑस्ट्रेलियन ओपन टेनिस स्पर्धेने १९९८ मध्ये उष्णता-धोरण आणले. २०१४ च्या फुटबॉल विश्वचषकात ३२ च्या निर्देशांकावर पाणी-विश्रांती बंधनकारक ठरवली ती ब्राझीलमधल्या कामगार न्यायालयाने, खेळाडूंच्या संघटनेच्या अर्जावर. २०१६ च्या दुष्काळात मुंबई उच्च न्यायालयाने ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने महाराष्ट्राबाहेर हलवायला लावले. तिथे प्रश्न मैदानाला लागणाऱ्या पाण्याचा होता. दोन्ही वेळा निर्णय मंडळांनी आपणहून घेतला नाही, आणि हे खटकण्यासारखेच आहे. २०१९ च्या जागतिक अॅथलेटिक्स स्पर्धेत दोह्यातली महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू होऊनही ६८ पैकी २८ जणींनी ती अर्धवट सोडली. त्यानंतर टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन उत्तरेकडच्या थंड साप्पोरोला गेली. क्रीडा संघटनांचे कार्बन उत्सर्जन घटवण्याचे करार २०१८ पासून आहेत, पण मैदानावरचा खेळाडू त्यांनी आज वाचत नाही.

तालुक्याच्या उन्हाळी स्पर्धेत हे मोजणे अवघड नाही, मात्र चुका ठरलेल्या असतात. वात सुकते आणि ओला तापमापक साध्याइतकाच आकडा दाखवू लागतो. म्हणून वातीचे टोक पाण्याच्या डबीत बुडालेले हवे. खारे पाणी वातीवर क्षार धरते, तेव्हा बॅटरीचे डिस्टिल्ड वॉटर वापरावे. उपकरण मंडपात किंवा भिंतीलगत ठेवू नये. उघड्या मैदानात छातीच्या उंचीवर ठेवावे. १५ सेंटिमीटरचा काळा गोळा स्थिरावायला २० ते २५ मिनिटे घेतो, त्याआधीचा आकडा फसवतो.

आणि कोणी बरळू लागला, तोल जाऊन पडला, तर रुग्णवाहिका बोलवून ती येईपर्यंत त्याला गार पाण्याच्या टाकीत मानेपर्यंत बसवावे, डोके धरून ठेवावे. टाकी नसेल तर सतत पाणी ओतत वारा घालावा. शुद्ध हरपत असलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये. ते श्वासनलिकेत जाते.